छत्तीस पॉइंट सहा

नोव्हेंबर २००९, जर्मनी. स्वाइन फ्लूनं बोब्लिंगेनमधल्या इराच्या विशेष शाळेतले निम्मे बाक रिकामे केले होते. शिक्षिका आता हात मिळवत नव्हत्या आणि दारातच जंतुनाशकाचा भपकारा यायचा. माझी सतरा वर्षांची इरा नाक दाबून आत जायची, पण जायचीच. शाळेची बस चुकली तर घर डोक्यावर घ्यायची.

इरा ऑटिस्टिक आहे. कपाळाला हात लावू देत नाही आणि विचारल्याशिवाय काय दुखतंय ते सांगत नाही. आदल्या हिवाळ्यात न्युमोनियानं तिला जवळजवळ नेलंच होतं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताप आला की त्याच दिवशी आणा. फ्लूची गोळी दोन दिवसांच्या आत सुरू व्हायला हवी. उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही."

आमचे इंजिनियरसाहेब लगेच कामाला लागले. माणसाच्या अंदाजावर माझ्या नवऱ्याचा, श्रीधरचा, काडीचा विश्वास नाही, मोजलेलं तेवढंच खरं. त्यानं डिजिटल थर्मामीटर आणला. त्याची पीप ऐकताच इरा किंचाळत कपाटात शिरली. मग साहेबांनी तोडगा काढला.

"इरा, आकडा चढताना बघायचा. छत्तीस पॉइंट सहा दिसलं की काढायचा, म्हणजे पीप होणारच नाही. आणि छत्तीस सहा म्हणजे ताप नाही, म्हणजे शाळा, कळलं?"

"गेनाऊ," इरा म्हणाली. अगदी बरोबर.

रोज सकाळी ती बाथरूममधून आकडा आणून दाखवायची. तिला विचारायची आता गरजच उरली नव्हती. आधी बराच वेळ लागायचा, मी दाराबाहेर ताटकळायची. त्या आठवड्यात मात्र आत गेली की लगेच बाहेर. "सवय झाली बघ, ऊर्मिला," श्रीधर खूश. मलाही बरं वाटलं. ती अर्धी पोळी टाकून उठायची, ते मी त्या जंतुनाशकाच्या वासावर ढकललं.

गुरुवारी मी तिचे बूट बांधायला वाकले आणि तिचा श्वास माझ्या मानेवर आला. तव्यावरच्या वाफेसारखा गरम, आणि भराभर. टेबलावर थर्मामीटर होता, छत्तीस पॉइंट सहा दाखवणारा. मी तो उचलून तिच्यासमोर धरला.

"इरा, परत लाव. मी सांगेपर्यंत काढू नकोस."

तिनं कान दाबून धरले. छत्तीस सहा आलं आणि गेलं. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. पीप झाली, पण इरा किंचाळली नाही. तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं.

"अगं, पण ही कधी खोटं बोलत नाही..." श्रीधर पुटपुटला.

"बोलली कुठे खोटं? आपण तिला विचारलंय तरी का?" मी ओरडलेच. मग तिच्यासमोर बसले. "इरा, बरं कधीपासून वाटत नाहीये?"

"जाइट मोंटाग," तिनं लगेच सांगितलं. सोमवारपासून.

खाली बसचा हॉर्न वाजला. इरा भिंतीला धरून उठली आणि दप्तर शोधू लागली. सकाळी छत्तीस सहा आलं होतं, म्हणजे शाळा होती.