वीस पावलं

चालक इओसेफोने बसचं दार लावलं, तेवढ्यात मासिनाने दांड्यावरचा हात सोडून पाद्रीबाबांच्या बाहीला स्पर्श केला.

"बाबा, निघायच्या आधी आईसाठी दोन शब्द."

ब्रिस्बेनच्या विमानतळावरची, विमानाकडे नेणारी ती दुसरी बस. आत चाळीसएक माणसं, बहुतेक एकाच सामोअन चर्चच्या मंडळीतली, सामोआच्या राजधानीत, आपियाला, नव्या चर्चच्या उद्घाटनाला निघालेली. मासिना तेवढी आईसाठी निघाली होती. सकाळी भावाचा निरोप आला होता, डॉक्टरांनी हात टेकलेत, आई तुझीच वाट बघतेय. विमान इमारतीपासून लांब, सिमेंटच्या मैदानाच्या टोकाला उभं होतं. पहिल्या बसमधली माणसं एव्हाना आत बसलीही असतील.

"आधी चढला तो शेवटी उतरतो," कोपऱ्यात चेपलेली सीना मावशी ओरडली. "मला आधी कोंबलंत, आता माझी जागा काय देवदूत धरून ठेवणार?"

हशा पिकला. पाद्रीबाबांनी हात वर करताच थांबला.

इओसेफोने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. प्रार्थना चालू असताना चाक हलवायचं नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सामोआतल्या त्याच्या गावात संध्याकाळच्या प्रार्थनेला वाटेवरचा माणूससुद्धा जागीच थांबतो.

पाद्रीबाबांनी आईचं नाव घेतलं. मग तिच्या गावाचं. मग गावच्या प्रमुखांची नावं, एकेकाच्या पदवीसकट, कारण एकाचं घेऊन दुसऱ्याचं गाळणं म्हणजे अपमान. मग डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, वैमानिकासाठी. मासिनाचे डोळे उघडे होते. पश्चिमेला आभाळ काळंनिळं होत चाललं होतं. दोनदा तिचे ओठ विलग झाले. पाद्रीबाबांना मध्येच थांबवणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती. आणि प्रार्थना तर तिनेच मागितली होती.

सगळ्यांच्या आधी तिचं आमेन आलं.

बस शिडीपासून वीस पावलांवर थांबली, तोच मैदानावरचे लाल दिवे लुकलुकू लागले. सामान चढवणारे हातातलं टाकून आडोशाला पळाले. वीज जवळ आली होती. दिवे विझेपर्यंत मैदानात कुणीही पाऊल टाकायचं नाही.

"दार उघड ना, इओसेफोदादा. मी पळत जाते."

"माझ्या हातात नाही, पोरी." त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दीड तास झाला. काचा घामेजल्या. समोर विमानाच्या खिडक्यांतून हात हलवणारी माणसंही कंटाळून आत वळली.

"बाबा, पुढच्या खेपेला वैमानिकाची प्रार्थना त्याची त्याला करू द्या," सीना मावशी म्हणाली. कुणी हसलं नाही.

मासिनाचा फोन वाजला. भाऊ होता.

"आई विचारतेय, विमानात बसलीस का? तिच्या कानाशी धरतो, तूच सांग."

त्याच क्षणी चालकाजवळचा वायरलेस खरखरला. "विमान रद्द. वैमानिकांचे कामाचे तास संपले. प्रवाशांना परत..." इओसेफोने झडप घालून आवाज बंद केला.

पाद्रीबाबा मासिनाच्या समोरच उभे होते, वीतभर अंतरावर. त्यांच्याकडे बघतच ती म्हणाली, "हो गं आई, बसले. खिडकीची जागा मिळाली. तू आता झोप."

पाद्रीबाबांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ हलले नाहीत.

"हसली गं," भाऊ म्हणाला. "मिटले बघ डोळे."

बाहेर लाल दिवे विझले होते. विमानातली माणसं एकेक करून शिडी उतरू लागली.