पाच मिलिमीटर

"ढिला बसतोय रे हा हीटर!" ताउलागी त्याच्या कारखान्यातून फोनवर ओरडत होता. "मी एकशे पन्नास सांगितलं होतं. तू एकशे पंचावन्नचा पाठवलायस. स्वतःच्या पोटाचं माप घेतलंस काय, इलालियो?"

"एकशे पन्नासचा शिल्लक नाही, गड्या. करायला चार दिवस लागतील. तुमचा साहेब चार तास तरी थांबेल का? आवळ घट्ट."

"बोल्ट संपला, तरी खाली हवा खेळतेय."

"अजून आवळ."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

ऑकलंडच्या ओटाहुहूत बावीस वर्षं मी प्लॅस्टिकच्या मशीनचे बँड हीटर बनवतो. बॅरलला, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणाऱ्या लोखंडी नळीला, बाहेरून कड्यासारखा आवळायचा हीटर. तो अंगासरशी बसला नाही तर उष्णता लोखंडात जात नाही, हीटर स्वतःच जळतो. मला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. गुरुवारी तो हीटर जळला. मशीनच्या तोंडाशी प्लॅस्टिक गोठलं, मागे दाब साचला. ताउलागी तोंड मोकळं करायला वाकला. पुढचं लिहीत नाही. पेटी बंद ठेवूनच पुरलं त्याला.

चौकशीत निघालं काय? मयताने माप चुकीचं घेतलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. साहेबलोकांना तो फार सोयीचा.

त्याची बायको मालिया आमच्या वर्कशॉपात आली. "चर्चमधल्या बायका म्हणतात, स्वतःच्याच चुकीने गेला. तू त्याचा दोस्त. खरं सांग, त्याचं माप चुकलं?"

तिच्यामागे माझा मालक ब्रेट मला मानेने खुणावत होता. बोलू नकोस.

"माप बरोबर होतं, वहिनी. मोठा मी दिला."

ती तशीच वळून गेली. ब्रेट म्हणाला, "उद्यापासून तूही येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मांगेरेला तिच्या दारात, गवतावर गुडघे टेकले आणि डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढून घेतली. आम्हा सामोआच्या लोकांत माफी अशीच मागतात. घरच्यांनी चटई उचलली तर माफ. नाही तर बसून राहायचं. अशा वेळी सगळं घराणं सोबत बसतं. माझे काका म्हणाले, "कोर्टात अंगाशी येईल." कुणी आलं नाही.

ऊन चढलं. मालियाचे कामावरचे बूट आले, माझ्याजवळ थांबले, निघून गेले.

मग काठी टेकत ताउलागीची आई आली. कण्हत शेजारी बसली. चटईला हात लावला नाही.

"केवढा मोठा होता रे?"

"पाच मिलिमीटर, आई."

"मला नाही कळत ते. दाखव."

मी चटईखालून हात बाहेर काढला, अंगठा आणि बोट यांच्यात जराशी फट धरली. तिने त्या फटीत आपली करंगळी घालून पाहिली.

जाईना. ती दाबतच राहिली.