घाटआळीची बस

कल्याणीने थांब्याच्या खांबाला झेंडूचा हार बांधला आणि सासूला सावलीत बसवलं. मागे घाटआळीतल्या बाया जमल्या होत्या. इतक्या वर्षांनी आज एसटी पुन्हा नदीकाठी येणार होती.

पूर्वी नाशिककडची सगळी वाहतूक घोड नदीवरच्या जुन्या पुलावरून, आळीतूनच जायची. चहाच्या टपऱ्या, लोहारांची दुकानं, सगळं त्या रस्त्यावर जगायचं. बायपास झाला आणि रस्ता आळीला सोडून वरून निघून गेला. सासूला, द्रौपदाबाईला, डायलिसिससाठी मंचरला न्यायचं तर बायपासपर्यंतची चढण चढावी लागे. दर वेळी ती निम्म्यात खाली बसायची.

बससाठी कल्याणीबरोबर वृषाली झगडली होती. वृषाली वरच्या गावातली, बागायतदाराची सून, पण कल्याणीची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींनी डेपोत खेटे घातले, रास्ता रोकोत पोलिसांच्या गाडीत शेजारी बसल्या. पुढे वृषाली ग्रामपंचायतीला उभी राहिली, तेव्हा आळीने तिलाच निवडून दिलं.

ताशा वाजू लागला, पण बायपासच्या बाजूला. कल्याणीचा फोन वाजला.

"अगं, बस हितंच थांबणार," वृषाली म्हणाली. "आमच्या प्लॉटिंगपाशी. पूल कच्चा झालाय म्हणं."

"उसाचे ट्रक जात्यात की त्याच्यावरनं. ट्रायलची बस पण आली व्हती. डायवरला मीच च्या दिला."



"आमच्या यांनी प्लॉटवाल्यांना शब्द दिलावता," वृषाली हळू म्हणाली. "तू ये वर. तुझी जागा धरलीया."

कल्याणीने फोन ठेवला. बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणती?" द्रौपदाबाईने विचारलं.

"पूल कच्चा झालाय म्हणं, आत्या. चला, वर जाऊ."

वर पोचेपर्यंत द्रौपदाबाईला धाप लागली होती. बसमध्ये वृषालीने शेजारच्या सीटवरची पर्स उचलली. कल्याणीने तिथे सासूला बसवलं.

द्रौपदाबाईने वृषालीच्या गालावरून हात फिरवला. "पोरी, लई केलंस आमच्यासाठी. तुझ्यामुळं बस आली."

वृषालीने कल्याणीकडे पाहिलं. कल्याणी सासूचा पदर नीट करत होती.

"मागं जागा हाय, बस की गं," वृषाली म्हणाली.

"बसते," कल्याणी म्हणाली, आणि मंचर येईपर्यंत दांडा धरून उभी राहिली.