निळ्या धाग्यावरची खाच

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप. मिशनच्या हायस्कुलात, प्रयोगशाळेच्या खिडकीशी माझं टेबल आहे. नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! मखमलीचं अस्तर लावलेलं खोकं, रोजची पुसापुशी, आणि मला हात लावण्याआधी मुलं हात धुवायची. पुढे खोकं हरवलं, झाकायचं कापड फाटलं. एकदा कुणीतरी डोळ्याजवळचं भिंग वाळूने माखलेल्या रुमालाने खसाखसा पुसलं आणि त्यावर कायमचा ओरखडा पडला. त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग गुन्हेतपासाचं विज्ञान शिकवणारे सर आले आणि माझे दिवस पालटले. केस, धागे, बोटांचे ठसे, काय काय माझ्याखाली आलं! मुलं मापं घ्यायची, संगणकावर आलेख काढायची. सर म्हणायचे, "माणूस थापा मारेल, पुरावा मारत नाही." सगळ्यांत हुशार होती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंपीकाकांची मुलगी. तिला सगळे इन्स्पेक्टरबाई म्हणायचे.

एका सकाळी चॅपलमधलं वेदीवरचं वस्त्र कात्रीने कापलेलं सापडलं. त्यात एक निळा धागा अडकला होता. आदल्या संध्याकाळी आजारी आईसाठी प्रार्थना करायला ही पोरगी तिथे एकटीच बसली होती, गळ्यात निळा मफलर. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "तिनं केलं असेल, तर या शाळेत तिला जागा नाही."

"मीच तपासते, सर," ती म्हणाली. "मी काही केलंच नाही, मग भ्यायचं कशाला?"

तिनं वस्त्रातला आणि आपल्या मफलरचा, असे दोन्ही धागे पाहिले. दोन्हींवर सारखीच तिरकी खाच. आलेखात दोन्ही मापं एकमेकांवर बरोब्बर बसली. दुसऱ्या कुणाचा निळा धागा पाहायचं कुणालाही सुचलं नाही. अगं पोरी, तो माझा ओरखडा आहे! जीव तोडून ओरडावंसं वाटत होतं, पण लोखंडाला कुठलं आलंय तोंड?

"जुळतंय, सर," ती म्हणाली आणि पांढरीफटक पडली. त्याच दुपारी शिंपीकाका मान खाली घालून तिला घेऊन गेले.

आठवड्याने सर पुढच्या धड्याची तयारी करत होते. माझ्याखाली धागा ठेवायचा राहिला होता, तरी त्यांना खाच दिसली. त्यांनी डोळ्याजवळचं भिंग फिरवलं, तर खाचही फिरली. सिस्टरना बोलावून त्यांनी तिथूनच फोन लावला, स्पीकर चालू केला.

"बाळ, तू काही केलं नव्हतंस. चूक आमची झाली. परत ये," सर म्हणाले.

पलीकडून ती म्हणाली, "नाही सर, मीच केलं असणार. मला आठवत नसेल. धागे जुळलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत ना."

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडाने पुसा, मला झाकून ठेवा. आणि कुणाला माझ्याखाली धरण्याआधी एकदा रिकामी काच पाहा. एवढं करा रे. मला हात नाहीत, तरी जोडतो.