हिरव्या झावळ्यांचं छत

संताजीनं गल्लीतल्या एकुलत्या एका माडाच्या सगळ्या मोठ्या झावळ्या उतरवल्या आणि दारातच विणायला बसला, तेव्हाच मी वरच्या मजल्यावरून ओळखलं, म्हातारा आता कुणाचं ऐकत नाही. कराडकडचा गडी. त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्याचंही काय चुकत होतं? तमिळ मुलखात, सिरुसेरीच्या अलीकडचं हे भाड्याचं घर पश्चिमेला तोंड करून उभं. दुपार कलली की ऊन थेट अंथरुणावर. सून देविकाला आठवा महिना, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, आणि पोर तव्यावरल्या भाकरीसारखी भाजत होती. मुलगा उपेंद्र दिवसभर कंपनीत. त्यानं दारावर आणि लगतच्या खिडकीवर कापडी छत बसवायला दिलं, तर दुकानवाल्यानं भिंतीत बोल्ट ठोकून पायपांचा सांगाडा तेवढा उभा केला. कापड उद्या आणतो म्हणाला, तो गेलाच. तो उघडा सांगाडा बघून मला काही बरं वाटत नव्हतं.

शेजारच्या विशालाक्षीबाई भाजी घेऊन येताना फाटकाशी थबकल्या. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. नवरा शेषाद्री छातीच्या दुखण्यानं खिडकीपाशी खाटेवर.

“संताजीराव, ओली झावळी दारांत विणूं नका. अम्च्याकडे ती पाडैला विणतात.”

“पाडै म्हंजी?”

“तिरडी.”

संताजीचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. “ताई, आमच्याकडं हिरव्या मांडवाखाली लग्नं लागत्यात. पानं वाळंपातुर पोरीनं काय भाजायचं?”

बाजारात वाळकी विणलेली मिळतात, मी मागवते, असं बाई म्हणत होत्या. तेवढ्यात खिडकीतून शेषाद्रींचा दमेकरी आवाज आला.

“विणूं द्या त्यांना. लांबी मात्र बरी ठेवा, संताजीराव. मी उंच आहे.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसलं कुणीच नाही.

उसाच्या पाचटानं खोपी शाकारलेले हात ते. त्या सांगाड्यावर छत असं बसलं की उन्हाला चिरीतूनही वाट राहिली नाही. देविका कितीतरी दिवसांनी गाढ झोपली आणि संताजी मिशीला पीळ देत दारात बसला.

पण गल्लीतली माणसं दारापाशी आली की सावकाश चालायला लागली. दूधवाल्यानं चपला काढल्या आणि हळूच विचारलं, “यारु?” म्हणजे कोण. म्हाताऱ्याला वाटलं, सावली कुणासाठी केली ते विचारतोय. सुनेला तमिळमध्ये काय म्हणतात तेवढं तो शिकला होता. आत बोट दाखवून अभिमानानं म्हणाला, “मरुमगळ.” दूधवाल्यानं हात जोडले. मागून येणाऱ्यांनीही जोडले. फुलवाली मोगऱ्याचा हार फाटकाला अडकवून डोळे पुसत गेली.

मी धावत खाली आलो आणि सांगितलं, लोकांना वाटतंय तुमची सून गेली. संताजीचा चेहरा राखेसारखा झाला. छत सोडायला तो उठलासुद्धा, पण आत देविका शांत झोपली होती. “एवढी झोप हुंदे तिची,” म्हणाला, आणि हात खाली आले. मीही जोर धरला नाही. मला भीती वाटत होती आणि त्या पोरीची दयाही येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेषाद्री गेले.

तिरडी बांधणारे आले, पण गल्लीतल्या माडावर कोवळ्या शेंड्यापलीकडं काही उरलंच नव्हतं. विशालाक्षीबाई फाटकाशी आल्या. डोळे कोरडे.

“तुमच्या दारीं आलेलं अम्च्याकडे वळलं. पोरीचं टळलं म्हणा. आतां तें सोडून द्या.”

बाईंच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. संताजी शिडीवर चढला. गाठी त्यानं विळ्यानं कापल्या नाहीत, एकेक करून हातानं सोडवल्या. झावळ्या पलीकडं नेऊन बांबूवर पसरल्या, तर तिरडीवाल्याला काही कापावं लागलं नाही. लांबी बरोबर होती.

शेषाद्रींना नेलं तेव्हा ऊन उतरून देविकाच्या उशीपर्यंत आलं होतं. संताजीनं गावाकडून आणलेलं घोंगडं काढलं, दोन्ही हातांनी पसरून धरलं आणि खिडकीबाहेर भर उन्हात उभा राहिला.

“मामंजी, आत या,” देविका आतून म्हणाली.

“तू नीज,” तो म्हणाला. दिवस बुडेपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.