खारूताई मीच

खोटं कशाला बोलू, माझ्या धाकट्या जावेचं कौतुक माझ्या कानांना कधीच सहन झालं नाही. ती उंच, ती देखणी, तिला चारचौघांत बोलता येतं, सासूबाई शेवटपर्यंत तिचंच नाव घेत गेल्या. हे सगळं मी पंधरा वर्षं गिळलं. पण ती चारशे बारा पुस्तकं माझी होती. ती काही मला गिळवेनात.

मी एका छापखान्यात एकोणीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापायला जायच्या आधी ओळ न ओळ वाचायची आणि चुका काढायच्या. छापखाना बंद पडला आणि मी घरी बसले. धाकटी आमच्या समोरच्याच दारात राहते. भाऊजी जहाजावर, त्यामुळे ती आमच्याकडेच जास्त. नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात कामाला होती. एक दिवस जाडजूड पुस्तक काखेत मारून आली.

"ताई, हे आता छापतच नाहीत. कॉलेजात एक प्रत आणि मुली साठ. आपण स्कॅन करून नेटवर टाकलं तर?"

कल्पना तिची, हे मी मान्य करते. उगाच कोणाचं हिरावून घेणारी मी नाही. पण त्यापुढचं ऐका. माझ्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. पान न पान मी स्कॅन केलं. वाकडी पानं सरळ केली, अंगठ्याच्या सावल्या पुसल्या, कोणा मुलीने चित्रावर पेन्सिलने काढलेली मिशी पुसली. मग मशीन स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखतं, पण कसलं ओळखतं? 'शिरेतून' ला 'शिळेतून' म्हणतं. ते सगळं मी मूळ पुस्तक शेजारी ठेवून तपासायचे. एका पुस्तकाला कधी आठ दिवस, कधी महिना. सहा वर्षं हेच केलं. डोळ्यांचे नंबर दोनदा बदलले. साइटवरच्या खात्याला नाव काय द्यायचं म्हणून ती विचारत होती, तेव्हा 'खारूताई' हे नावसुद्धा मीच सुचवलं.

आणि धाकटी काय करायची? पुस्तक आणायची आणि तयार झालेली फाइल साइटवर चढवायची. बटण दाबायची हो, बटण! आणि वाचकांची पत्रं यायची ती तिच्या मोबाइलवर. 'खारूताई, तुमचे उपकार कसे फेडू.' ती ती पत्रं माझ्या स्वयंपाकघरात येऊन मोठ्याने वाचायची. मी भांडी जरा जोरात आपटायचे.

मग तो नवा कायदा आला. परवानगीवाचून पुस्तकाची प्रत काढणं हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा झाला आणि कोर्टात न जाता कुठलीही साइट बंद करायचा अधिकार सरकारला मिळाला. एका मंगळवारी सकाळी आमची साइट उघडली तर पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी, 'सरकारी आदेशानुसार बंद'. आमच्याबरोबर चोरीचे सिनेमे विकणाऱ्यांच्या साइट गेल्या, ते ठीकच झालं. पण कोणा पत्रकाराचं पान गेलं, मुक्या-बहिऱ्यांसाठी चालवलेलं एक पान गेलं. सरसकट सगळ्यांवर एकच नांगर फिरवला.

लोक चिडले. मोठ्या सभागृहात सभा झाली आणि तिथे धाकटी सगळ्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, "खारूताई मी आहे." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी सातव्या रांगेत होते. तिने पर्समधून छापून आणलेलं एक पत्र काढलं. दूरच्या डोंगरातल्या एका नर्सचं होतं. तिच्याकडच्या जुन्या पुस्तकात नवजात बाळाच्या औषधाचा डोस पाच छापला होता, आमच्या प्रतीत तो दशांश पाच होता आणि खाली टीप होती की मूळ छपाईत दशांश चिन्ह गळलं आहे, दुसऱ्या दोन पुस्तकांशी ताडून दुरुस्त केलं आहे. ती टीप वाचून तिचा हात थांबला. बाळ आता रांगतंय.

अहो, ते दशांश चिन्ह माझं होतं! दोन दिवस घालवले होते मी त्या एका टिंबावर. आणि ही बया स्टेजवर डोळ्यांना रुमाल लावून उभी. शेवटी म्हणते कशी, "या कामात माझ्या मोठ्या जाऊबाईंचाही खारीचा वाटा आहे, हे मला सांगायलाच हवं."

खारीचा वाटा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या बाईने माझा हात दाबून म्हटलं, "किती मोठ्या मनाची आहे ना तुमची जाऊ?"

पुढच्या शनिवारी साडेदहाच्या सुमारास सायबर विभागाचे साहेब आले, बरोबर तीन माणसं. माझ्या मागच्या खोलीतून कॉम्प्युटर, स्कॅनर, डिस्का सगळं उचललं. धाकटी समोरून धावत आली आणि म्हणाली, "सगळं मी केलंय, यांना त्रास देऊ नका." साहेबांनी मान डोलावली, त्यांना ती सभेपासून माहीतच होती. मग त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"बाई, इथे सही करा. तुम्ही सुटलात."

कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या खोलीचा वापर माझ्या जावेने केला. सदर पुस्तकांच्या निर्मितीशी माझा काहीही संबंध नाही.'

आमचे हे मागून कुजबुजत होते, "कर सही, कर सही." मी पेन उघडलं. पण 'काहीही संबंध नाही' या शब्दांवर नजर गेली आणि हात पुढे सरकेना.

"हे चूक आहे," मी म्हटलं. "पुस्तकं मी केलीत. सगळी. हिने फक्त चढवलीत."

साहेब हसले, चक्क हसले. "बाई, घराघरात असंच होतं. आई मुलासाठी सांगते, बायको नवऱ्यासाठी सांगते. जावेसाठी मात्र पहिल्यांदाच बघतोय." आणि त्यांनी दोन नावं लिहिली. मुख्य आरोपी धाकटी आणि माझ्या नावापुढे, 'मदतनीस'.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'धाकट्या जावेला वाचवण्यासाठी मोठी पुढे सरसावली'. जिन्यात बायका माझे हात हातात घ्यायला लागल्या. हे तर डोळे पुसत म्हणाले, "मला आपलं वाटायचं, तुझं तिच्याशी पटत नाही." काय सांगू त्यांना? मी कबुली दिली ती जळून, आणि लोकांनी तीसुद्धा हिच्याच पदरात घातली.

आमच्या वकीलबाई बोलायला एकदम रोखठोक. त्या म्हणाल्या, "मदतनिसाला ताकीद देऊन सोडतात, तुम्ही त्याच संध्याकाळी घरी. मुख्य आरोपीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमच्याविरुद्ध कागदावर काहीही नाही, खातं तिच्या नावावर, भाषण तिचं. तुम्ही फक्त 'मान्य आहे' एवढे दोन शब्द बोला."

त्या दुपारी धाकटी आली. डोळे सुजलेले. "ताई, वकीलबाईंचं ऐका. मी जाते आत. मला काही वाटणार नाही, लोक आहेत माझ्या पाठीशी."

"आणि पुस्तकं कोणी केली, ते?"

"त्याला आता काय करायचंय?" ती म्हणाली. "लोकांना खारूताई म्हणून एक चेहरा हवाय. तो माझा आहे."

झालं. तुरुंगातसुद्धा हिलाच जायचं होतं. दाराबाहेर माणसं जमणार, फलक धरणार ते हिच्यासाठी. भिंतींवर चित्रं हिची निघणार. मी मात्र ताकीद घेऊन घरी येणार आणि जन्मभर खारूताईची जाऊ म्हणून दळण आणायला जाणार. तीही मनापासून रडत होती हो, मला वाचवायलाच बघत होती, ते दिसत होतं मला. दिसत होतं म्हणूनच जास्त चिडले. चांगुलपणातही ही माझ्या पुढे!

सुनावणीला कोर्टाची खोली भरली होती, पत्रकार भिंतीला टेकून उभे. न्यायाधीश बाई वयस्कर होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. धाकटीने आरोप मान्य केला तेव्हा मागे हुंदके ऐकू आले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमच्यावर मदतनीस म्हणून आरोप आहे. मान्य?"

वकीलबाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. हे दोन्ही हात जोडून बसले होते. घाबरले होते मी, नाही म्हणत नाही. दोन वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत.

"मदतनीस नाही," मी म्हटलं. "मुख्य मीच."

मागे कुजबुज झाली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "तुमच्या भावना मी समजू शकते."

"नाही समजत तुम्हाला," माझ्या तोंडून गेलं. "माफ करा. पण हिला विचारा ना, त्या बाळाच्या डोसाचं दशांश चिन्ह कुठल्या दोन पुस्तकांशी ताडून घातलं? ज्याने घातलं त्याला झोपेतही सांगता येईल."

न्यायाधीश बाईंनी खरंच विचारलं. धाकटी उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं. काही सांगितलं असतं तरी सगळ्यांनी मानलं असतं. पण तिला माहीतच नव्हतं. चारशे बारापैकी एकही पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं.

मी सांगितलं. दोन्ही पुस्तकांची नावं, आवृत्त्या, पानं. मग थांबता थांबेना मी. शस्त्रक्रियेच्या पुस्तकातली उलटी छापलेली आकृती, सूचीतली गळालेली अठ्ठावीस नावं, पेन्सिलची मिशी, सगळं. सायबर विभागाचा तंत्रज्ञ डिस्क उघडून पडताळत होता, तो दर वेळी म्हणत होता, "बरोबर आहे." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडे वळून बघत होते. पत्रकार माझं बोलणं लिहून घेत होते. काय सुख होतं ते! समोर दोन वर्षं उभी होती आणि मी आपली आनंदात चुका मोजत होते.

"ताई खरं सांगतायत," धाकटी शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "काम सगळं त्यांचं. मी फक्त चढवायचे."

मला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. तिला ताकीद.

मला न्यायच्या आधी पाच मिनिटं दिली. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. धाकटी समोर आली. मला वाटलं गळ्यात पडेल.

"माझ्याकडे तेवढं एक नाव होतं, ताई," ती म्हणाली. "मूल नाही, नवरा वर्षातले दहा महिने समुद्रावर. कोणी मला हाक मारायचं तर तेवढ्याच नावाने. तेवढंही तुम्हाला बघवलं नाही?"

"नाही गं," मी म्हटलं. "नाही बघवलं."

ती निघून गेली. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटत होतं, आणि बरं जास्त वाटत होतं. त्याला मी काय करू?

तुरुंगात पहिले तीन महिने मी ऐटीत काढले. बाहेर लोक जमले, फलकावर माझं नाव होतं. बराकीतल्या बायका मला खारूताई म्हणून हाक मारायच्या, अर्ज लिहून घ्यायच्या. साइट अजून बंदच होती, पण कायद्याविरुद्ध वरच्या कोर्टात दावा लागला होता. धाकटी एकदाही भेटायला आली नाही. मी म्हटलं, फुगलीय, फुगू दे.

चौथ्या महिन्यात एक जाड पाकीट आलं, तुरुंगाने तपासून शिक्का मारलेलं. आत छापील पानांचा गठ्ठा आणि तिची चिठ्ठी. सुईणींना शिकवणाऱ्या एका वृद्ध बाईंनी बातमी वाचून आपलं पुस्तक सगळ्यांना मोकळं करून दिलं होतं, रीतसर सहीनिशी. धाकटीने नोकरीवरून आल्यावर रोज बसून ते तयार केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'चुका असतील त्या दाखवा.'

मी मनातच हसले. म्हटलं, बटण दाबणारी ही, आता बघच. लाल पेन मागून घेतलं आणि खिडकीखाली बसले. पहिली वीस पानं गेली, चूक नाही. पन्नास झाली, नाही. म्हटलं, सूचीत सापडेल, तिथे भलेभले घसरतात. सूची चोख. एका आकृतीखाली तिची टीप होती, मूळ छपाईत डावं-उजवं उलट झालंय, तीन पुस्तकांशी ताडून दुरुस्त केलं आहे. मी दोनाशी ताडायचे. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. जेवणाची घंटा झाली तरी उठले नाही. तीनशे चार पानं दोनदा वाचली आणि लाल पेनाचं टोपण उघडायचीसुद्धा वेळ आली नाही.

गठ्ठा मांडीवर ठेवून मी हमसाहमशी रडायला लागले. शेजारची बाई उठून जवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जावेची आठवण आली वाटतं?"

"हो ना," मी म्हटलं.