न विचारलेलं सांगणारी

शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या अंधाऱ्या खोलीतली शांतता मोडली. टेबलावर झोपलेली मिनल दचकली. तिचं पोट हललं आणि माझ्या पडद्यावरचं चित्र पुसट झालं.

मित्रांनो, मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे. इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, डॉक्टर सेलीन यांच्या दवाखान्यात राहते. कुणाला ऐकू न येणारा आवाज मी पोटात सोडते आणि तो परत आला की त्याचं चित्र काढते. माझी चाकं कुरकुरतात, एक बटण चिकटतं. दुरुस्तीला येणारा लवू मला तोंडावर भंगार म्हणतो. म्हणू दे.

इथे येणारे हळूच, हसत एकच विचारतात, मुलगा की मुलगी? त्याचं उत्तर इथे मिळत नाही. मिळणारही नाही. आणि मी जे सांगते, ते कुणी विचारत नाही.

मिनलला तेव्हा तिसरा महिना होता. अंगाने अगदी काडी. बाळ बघून झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या पोटातला, आतड्यांभोवतीचा चरबीचा थर मोजला. बाहेरून न दिसणारा तो थर चांगलाच जाड निघाला.

“हिची साखर वाढायची भीती आहे. रक्त तपासू या,” डॉक्टर म्हणाल्या.

मिनलच्या सासूबाई, सुलूताई, उखडल्याच. “हिला साखर? चिमटा काढायला मांस नाय अंगावर. मी रोज तुपातला शिरा घालतेय, तेव्हा कुठे उभी राहते. मशीन म्हातारी झालीय तुमची.”

“म्हातारी आहे मावशी, आंधळी नाही.”

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. मीही हट्टाला पेटले. पुन्हा तोच आकडा दाखवला. खरं काय ते रक्तच सांगतं, मी नुसती हटकते. पण हटकायचं सोडत नाही.

मिनलने पोटावरची जेल पुसली. “आई, मी तपासून घेणार,” ती म्हणाली. आणि सरळ रक्त द्यायला उठून गेली.

रक्ताने माझी बाजू घेतली. शिरा बंद झाला. डोहाळजेवणात मिनलने पेढा कपाळाला लावून परत ताटात ठेवला म्हणे. आणि रोज संध्याकाळी सुलूताईच तिला फिरायला न्यायच्या, “चल गं, नाहीतर ती मशीनबाई रागवेल,” असं म्हणत. बाळ सुखरूप आलं. ती संपदा.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वायरी ओढू नका. त्याहून मोठं मागणं एकच. बारीक आहे म्हणून बाईला धडधाकट समजू नका. तिला तपासू द्या.

काही वर्षं गेली. आज दुसऱ्या बाळाच्या वेळी मिनल पुन्हा टेबलावर आहे. संपदा स्टुलावर चढून बसलीय. इतकी फुशारकी मारणारी मी, पण तिने माझ्या पडद्यावर बोट टेकवून जे विचारलं, ते मोजायचं बटण माझ्याकडे नाही.

“मी पोटात होते तेव्हा आईला साखर होती ना? मग मोठी झाल्यावर मलापण होणार?”